बरी झालेल्यांचा रकाना

नऊ मार्च दोन हजार सात, शुक्रवार. हवा कोरडी, सकाळी खाडीकडून गार वारा, साडेनऊला पडला, आता पत्रे तापायला लागलेत — थांबा हो मॅडम, एवढं लिहू द्या. तारीख आणि हवा लिहिल्याशिवाय मी कोणाशी बोलायला बसत नाही, बायकोशीसुद्धा नाही — हसा, हसा, ती पण आधी हसायची. ‘क्षितिजा मॅडम तिसऱ्यांदा आल्या, वह्या मागतात’ — हे पण लिहिलं. चढलं तुमचं नाव माझ्या वहीत. तुमच्या त्या कॅन्सरच्या नोंदणीत माझं नाव आहे का? नाही? नुसतं ‘भिवंडीचा माळवाला’? बरं. मुंबईच्या इस्पितळात बारा बायांनी सांगितलं, की आधी भिवंडीला काविळीची माळ घातली होती, म्हणून तुम्ही मला हुडकत आलात. वा. एवढा प्रसिद्ध माणूस आपल्याकडं हजेरी मांडतो हे आमच्या फखरुद्दीन शेठला कळवायला पाहिजे. त्यांच्या लूमच्या कारखान्यात मी मेहताजी, एकोणतीस वर्षं झाली — कारागीर कोण दिवसपाळीला, कोण रातपाळीला, कोणाचा किती मीटर कपडा, सगळं माझ्या अक्षरात. सातवी पास, पण अक्षर बघा. आज शुक्रवार, लूम बंद, म्हणून सापडलो तुम्हाला. एरवी ह्या गल्लीत खटखटाटात तुमचा आवाज मला ऐकूच आला नसता, आणि ते बरं झालं असतं. जरा हळू बोला. आत हौसा, बायको माझी, पडलीय. झोपलेली नाही, कान इकडेच आहेत. तिच्याही गळ्यात माळ आहे, आज विसावा दिवस. कावीळ. साधी. तेवढा तुमचा तो शब्द इथं मोठ्यानं काढू नका, म्हणजे झालं.

द्या तो कागद. पित्ताशय म्हणजे काळजाच्या, तुमच्या भाषेत यकृताच्या, खाली असते ती लहान पिशवी — मागच्या खेपेला सांगितलंत, मी लिहून घेतलं, चित्रपण काढलं, हौसा म्हणाली वांगं काढलंय. आता ही रेघ म्हणजे दर लाख बायांमागे किती जणींना हा रोग झाला ती, आणि ही तिच्या पायात पाय घालून चाललेली दुसरी म्हणजे मेल्या त्या. ब्याऐंशी सालापासून आत्तापर्यंत. पुरुषांची रेघ खाली राहिली, बायांची वर, जवळजवळ दुप्पट — चला, कशात तरी बाई पुढं गेली. पण काय हो, ह्या दोन रेघांच्या मधे जागा का नाही? दुसऱ्या रोगांत असते म्हणता — म्हणजे झाला पण वाचली, अशांची ती जागा. इथं सुई जात नाही मधून. नवरा-बायको तरी एवढी चिकटून चालत नाहीत. आणि मला एक सांगा, रोग वाढला कशावरून? सोनोग्राफीची मशिनं आली, डॉक्टर गल्लोगल्ली बोर्ड लावून बसले, तेव्हा दिसायला लागला असेल. आमच्या कारखान्यात पिवळे बल्ब होते तोवर कपडा निर्मळ. शेठनी ट्यूबलाइट लावल्या आणि एका आठवड्यात कपड्यात डागच डाग. डाग वाढले का दिसले? — थोडं हे, थोडं ते? हे बेस्ट. हे उत्तर कुठंही चालतं. मात्र मेलेली बाई दिसायला मशीन लागत नाही, मग दुसरी रेघ का चढली — हे मीच विचारतो आणि मीच अडकतो, बघा. पूर्वी दाखल्यावर काय लिहायचे? ‘कावीळ’. ‘पोटाचा विकार’. हो, तेही आहे. म्हणजे तुमच्या रेघेच्या खाली अजून एक न काढलेली रेघ आहे, असं म्हणा की.

आणि मागच्या खेपेला तुम्हीच म्हणालात ना, गंगेच्या काठानं हा रोग फार — तिकडं लाखात आठ-नऊ-दहा बायांना, आणि आपल्या मुंबईकडं दोन-अडीच? ही अर्धी बाई कोण ती मला एकदा भेटवा. असो. मला ते ऐकून काय वाटलं असेल? मला वाटलं, चला, मी अडाणी माणूस, पण माझ्या वह्या आणि तुमचं कॉम्प्युटर एकच सांगतात. दाखवतो. वह्या घराबाहेर जाणार नाहीत, पण बघायला हरकत नाही. हात पुसा आधी, चहाचा डाग नको.

ह्या नऊ वह्या. वडील वारले पंच्याऐंशीला, तेव्हापासून माळ मी बांधतो. ते बांधायचे पण लिहायचे नाहीत, मी लिहितो. रविवार आणि बुधवार, सकाळी सूर्य वर यायच्या आत, पुनर्नव्याच्या काड्यांची माळ, गळ्यात आखूड घालायची. ती दिवसादिवसानं लांबत जाते, लांबत लांबत बेंबीला टेकली की कावीळ उतरली. मग वाहत्या पाण्यात सोडायची. मी एक नारळसुद्धा घेत नाही, विचारा गल्लीत. आता रकाने बघा — नाव, वय, राहणार कुठं, तारीख, हवा, माळ किती बोटं वाढली, आणि शेवटचा रकाना निकाल. निकाल दोनच. ‘बरी’ नाहीतर ‘अर्धवट’. अर्धवट म्हणजे जी माळ मधेच तोडून डॉक्टरकडं पळाली. तुम्हाला चाळिशीपुढच्या बाया पाहिजे होत्या ना, म्हणून मी तुमच्यासाठी वेगळ्या काढल्या, चार दिवस बसलो त्याला. दोनशे तेरा. हौसा धरून दोनशे चौदा. त्यातल्या ‘बरी’ एकशे नव्वद. तुमच्या मोठ्या इस्पितळात आहे का एवढा निकाल? नसेल. तिथं लिफ्ट आहे.

बरी झाली हे मला कसं कळलं? — हे विचारणार हे माहीत होतं. ती परत आली नाही म्हणून कळलं. अहो, नियमच आहे तसा. काविळीचा गुण आला की परत येऊन सांगायचं नाही. आभार नाहीत, पाया पडणं नाही, रस्त्यात भेटली तरी त्या विषयाचं तोंड उघडायचं नाही. सांगितलं की गुण उलटतो, आणि पुढच्या माणसाची उतरत नाही. वडिलांच्या आधीपासूनचा नियम. म्हणजे जी आली नाही ती बरी. जी परत आली, ‘मेहताजी, खुजली नहीं जाती’ म्हणत आली, तिला दुसरी माळ. आणि आता हे बघा, ह्यात माझा शोध आहे, लाल शाईनं केलाय. परत परत ज्या आल्या त्या कोण? सगळ्या लूमवाल्यांच्या घरच्या, यूपी-बिहारकडच्या. वीस वर्षं बघा — आधी वर्षाला एखादी, मग दोन, मग चार, गेल्या वर्षी सात. चढती रेघ, तुमच्यासारखीच. आणि आपल्या इकडच्या? आगरी, कुणबी, कोकणी मुसलमान — परत आलेली एकही नाही. शून्य. म्हणून म्हणतो, तुमचा रोग तिकडचा. आपल्या बायांना होते ती साधी कावीळ, आणि ती उतरते. हौसा आगऱ्याची लेक, तिचं माहेर कशेळी. झालं. गणित संपलं.

काय म्हणालात? — नाही, परत म्हणा. परत यायचं नाही हा नियम, तो त्या बाहेरून आलेल्या बायांना माहीत होता का? त्यांना कुठून असणार, त्यांच्या मुलखातला नाही तो. त्यांना कोणी सांगत पण नाही. नाही माहीत म्हणून त्या बिचाऱ्या आल्या परत. आणि आपल्या बायांना माहीत आहे म्हणून...

चहा निवतोय तुमचा.

नाही, मॅडम, तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं. आपल्या बायांना नियम माहीत आहे म्हणून त्या मरत असल्या तरी आल्या नाहीत, असं तुम्हाला म्हणायचंय. आणि मी इथं बसून ‘बरी’, ‘बरी’ लिहीत गेलो. चांगलं आहे. मग त्या तय्यबाबीचं काय सांगाल? आमच्या शेठची वहिनी. दोन हजार पाचला माळ घातली मी, नऊ दिवस झाले, सहा बोटं वाढली, आणि मुलगा आला तिचा, फरहान, गाडीत घातली आणि ठाण्याला नेली. मशिनीत बघितलं तर पित्ताच्या पिशवीत खडे, नळीत एक अडकलेला. पिशवीच काढून टाकली. मला एवढा राग आला, मी लाल शाईत लिहिलं — ‘अर्धवट. डॉक्टरनी बिघडवली’. आता ती कशी आहे? — आता ती जिन्यावरून खाली ओरडते तेव्हा कारखान्यातले बारा लूम ऐकू येत नाहीत. ईदला शीरखुर्मा पाठवते. तुम्ही लिहिताय काय ते? जगलेली एक बाई मी बिघडली म्हणून लिहिली, हे? लिहा. माझ्या वहीतही आहे ते, मी काय लपवतो का?

आणा तुमची यादी. बारा नावं ना? चष्मा घेतो. वाचा तुम्ही, मी पानं काढतो, मेहताजीला पान काढायला वेळ लागत नाही. — शांतीनगर, वय बावन्न. वही सात, पान अठरा. जूनात माळ, ‘बरी’. तुमच्याकडं? ऑगस्टात मयत. हं. पुढं. — गोदू, पडघा, वय एकोणसाठ. वही सहा. हिची माळ एकवीस दिवसांत चौदा बोटं, फार सुंदर वाढली होती, मी खूण करून ठेवली. ‘बरी’. — मयत. किती दिवसांनी? तीन महिने. माझ्या माळेनं केलं नाही ते, मॅडम — नाही, तुम्ही म्हणाला नाहीत, मीच म्हणतो. पुढं. — हफसा, वय सत्तेचाळीस. ही मला आठवते, हसरी होती, डोळे हळदीसारखे आणि हसायची. ‘बरी’. — नका सांगू. बरं, सांगा. — पुढची अनंताची आई. अनंता आमच्याकडं सुताचे बीम उचलतो, रोज दिसतो मला. तो सुतकात होता तेव्हा मीच त्याची रजा मांडली, आईला काय झालं विचारलं नाही, कारण तो विषय काढायचा नाही ना. नियम. त्यानं पण सांगितलं नाही. समोरासमोर उभे राहिलो आम्ही दोघं, तो मेलेल्या आईची रजा मागत, मी देत, आणि माझ्या वहीत त्याची आई बरी. — पुढं. वाचा. थांबलात कशाला?

बारातल्या दहा ‘बरी’. एक सापडत नाही. एक ‘अर्धवट’. आणि तुमच्याकडं बारातली जिवंत किती? — एक. कोणती, हे मी विचारू का तुम्ही सांगता? — तरी वाटलंच. ती अर्धवटवालीच. तय्यबाबीसारखीच हिचीही पिशवी काढायला गेले साध्या खड्यासाठी, आणि आत कोपऱ्यात एवढासा सापडला. लवकर सापडला म्हणून. म्हणजे तुमच्या त्या दोन रेघांच्या मधली सुईएवढी जागा आहे ना, तिच्यात बसलेली ती एकटी बाई, आणि मी तिला अर्धवट लिहून ठेवलंय. शाब्बास केसरीनाथ. अक्षर चांगलं आहे पण.

काही बोलू नका, बघू नका तसं. माळ नुसतीच लांबते हे सांगणार होतात ना? ते मला माहीत आहे. — हो, माहीत आहे. अठ्ठ्याण्णव साली मी स्वतःच्या गळ्यात घालून बघितली होती. मला कावीळ नव्हती, पडसंही नव्हतं. नऊ दिवसांत चार बोटं. काड्या सुकतात, गाठी सैल पडतात, माळ उतरते. सुतातला माणूस मी, मला गाठ कळत नाही? चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं, म्हणजे कावीळ उतरली म्हणतात, तेही करून बघितलं, कोणाचेही धुवा. सगळं लिहून ठेवलंय, वही पाच, शेवटून तिसरं पान. तारीख, हवा, सगळं. मग बंद का नाही केलं? — कावीळ बहुतेकांची आपली आपणच उतरते, मॅडम. तेल बंद, गूळ-चणे, उसाचा रस, पडून राहणं — माळेच्या धाकानं लोक एवढं तरी पाळतात. पोरं, कामगार, गढूळ पाण्यानं पिवळे झालेले, सगळे बरे होतात, खरोखरचे बरे. मी काय त्यांचं वाईट करत होतो? — आणि हेही आहे. आठवड्याचे बाकीचे दिवस ‘ए मेहता, माझी हाजरी लाव’. रविवारी आणि बुधवारी तीच माणसं ह्या पायरीवर चपला काढून उभी. ‘मेहताजी, हात लावा.’ हे कुठल्या रकान्यात लिहिणार? हे मी कुठंच लिहिलेलं नाही. तुम्ही पण लिहू नका. — लिहिलंत. बरं.

काय विचारताय? घरात कोणाला? नाही, आमच्यात कोणाला नाही. एक हौसाची थोरली बहीण गेली, पुतळाबाई, कशेळीला दिली होती — म्हणजे त्यांचं माहेर-सासर तिथंच. ती पोटानं गेली. माळ? माळ घातली होती मी तिला, पण ती वेगळी गोष्ट, कावीळ उतरली होती तिची. थांबा, दाखवतो, विश्वास नाही ना तुमचा. वही सात. पुतळाबाई, वय चौपन्न, कशेळी. माळ घातली दोन नोव्हेंबर दोन हजार तीन, रविवार, हवा स्वच्छ. दुखणं नाही. खाज फार. तेवीस नोव्हेंबरला माळ बेंबीला टेकली. ‘बरी’. हे बघा, माझ्याच हातचं. मेली ती कधी, ते ह्या वहीत नसतं, ते रोजच्या डायरीत. माळेची वही वेगळी, डायरी वेगळी. त्या फळीवर. चार सालची — ती निळी. द्या इकडं. अकरा फेब्रुवारी दोन हजार चार, बुधवार. हवा ढगाळ. ‘कशेळीस गेलो. पुतळाआक्का वारली. पोट फुगलेलं. अंग पार हळदीसारखं.’

नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी.

ऐंशी दिवस. तेवीस नोव्हेंबरपासून मोजले तर ऐंशी दिवस होतात. हे मीच लिहिलंय दोन्हीकडं. ह्या वहीत ‘बरी’ आणि त्या डायरीत ‘अंग हळदीसारखं’. तीन वर्षं त्या फळीवर एकीवर एक पडून आहेत. फडकं मारतो मी त्यांच्यावर दर दिवाळीला. दोन्ही एका वेळी उघडून कधी बसलो नाही. बसायचं काय कारण? हजेरीची वही आणि कपड्याची वही आपण कारखान्यात मिळवून बघतो, माणूस हजर आणि कपडा नाही तर पकडतो — तिथं पकडतो.

हौसा? हौसा कशी आहे म्हणजे काय, तुम्ही डॉक्टर नाहीत, मॅडम, तुम्ही मोजणी करणाऱ्या. माझ्यासारख्याच. — विसावा दिवस. तेरा बोटं. लिहिलंय सगळं, वही नऊ. दुखणं नाही. ताप नाही. जेवण कमी. शौचाला चिकणमातीसारखं पांढरं. लघवी चहासारखी. ब्लाऊज दोन्हीकडून दोन-दोन बोटं आत घेतले, शिमग्याआधी एकदा आणि परवा परत. खाज. खाज फार. झोपू देत नाही खाज, मी कारखान्यातून लूमची मोडकी फणी आणणार होतो तिला पाठ खाजवायला, तर म्हणते नको, आपल्याकडं हाय एक, आणि पेटीतून काढली. मी म्हटलं ही कुठली? तर म्हणते, ‘आक्काची. आक्काला पन हीच फनी लागं.’ हसत म्हणाली. चार दिवसांपूर्वी. मी हे लिहिलं नाही. तारीख लिहिली, हवा लिहिली, आणि हे नाही लिहिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी घडलेली गोष्ट सोडली.

म्हणजे मला माहीत होतं का? तुम्ही विचारू नका, मी विचारतो. माहीत नव्हतं असं म्हणू का? तुम्ही पहिल्या खेपेला आलात तेव्हा मी तुम्हाला पायरीवरून घालवलं. दुसऱ्या खेपेला चहा दिला आणि विचारलं, इकडच्या बायांना किती होतो हा रोग — आठवतं? तुम्हाला वाटलं म्हातारा सुधारला. मला तेवढा एक आकडा पाहिजे होता. अडीच. लाखात अडीच. चार दिवस मी तो आकडा तोंडात धरून बसलोय खडीसाखरेसारखा. लाखातल्या नव्व्याण्णव हजार नऊशे सत्त्याण्णव बायांना होत नाही, मग हिलाच का होईल — आता तुमचा एवढा मोठा कागद आहे, पंचवीस वर्षांची रेघ आहे, तर मला एवढं सांगा, की आतली बाई कुठली? अडीचातली का बाकीच्यांतली? एकच आहे माझ्याकडं. लाख नाहीत.

सांगता येत नाही. कागदावरून सांगता येत नाही. मग कशावरून येतं? — हो. ते मशीन. पोटावर फिरवतात ते. किती वेळ लागतो? दहा मिनिटं? विसावा दिवस आज, आणि दहा मिनिटं.

नाही, आज शुक्रवार, इथलं बंद असेल. ठाण्याला? तुमच्या ओळखीचं? आत्ता? — तुम्ही फोन लावा. लावा, मी ऐकत नाही.

हौसा, ऐकलंस का, उठ. ती निळी साडी नेस — नाही, माळ वाढली म्हणून सोडायला जायचं नाही. माळ इकडं कर. मान वर कर जरा. मधेच तोडली तर काय होतं? काही होत नाही. अर्धवट होते. तशीच चांगली. कात्री कुठं ठेवलीस? — रडू नको, मी काही म्हटलंय का? ह्या क्षितिजाताईंच्या ओळखीचं आहे, दहा मिनिटांचं काम. येताना कशेळीच्या नाक्यावर उतरू, तुझ्या भावाकडं जाऊ.

घ्या, ताई, ह्या वह्या घ्या. नऊच्या नऊ. डायऱ्या पण बघायच्या तर परत या. एवढंच करा, की माणसं पाठवून एकेकीच्या घरी विचारा — दोनशे चौदाच्या दोनशे चौदा. नियम मोडला म्हणून सांगा, मेहताजीनीच मोडला. आणि शेवटच्या रकान्याशेजारी अजून एक रकाना आखा. पट्टीनं आखा, हातानं नको, हातानं वाकडा जातो. — नाही, आता काही विचारू नका. पुरे झालं तुमचं. नाक्यावर जा आणि रिक्षा थांबवा, आम्ही येतो मागून. बघत काय उभ्या राहिलात? जा ना.

*

वही नऊ, शेवटचं पान.

चाळिशीपुढच्या बाया २१४. घरी जाऊन चौकशी झाली १६१ जणींची. हयात ११८. मयत ४३. पत्ता लागला नाही ५३.

क्र. २१४. हौसा केसरीनाथ केणे, वय ४९, राहणार भिवंडी. माळ घातली १८ फेब्रुवारी २००७, काढली ९ मार्च २००७. सोनोग्राफी त्याच दिवशी, ठाणे. पित्ताशयाचा कॅन्सर, काळजात पसरलेला. मयत, २४ जुलै २००७, मंगळवार, दुपारी दोन वाजून वीस मिनिटं.